रुमाल सोडताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की घरातले इंग्रजांच्या काळातले कागद रद्दीत घालण्याआधी एकदा दाखवा, मोडी असेल तर वाचून देईन. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी पिशवी भरून घरी पाठवली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते आहे. त्याआधी एक विनवणी. कृपा करून कागदांचं लॅमिनेशन करू नका. त्या उष्णतेनं शाई आणि कागद दोन्हींचं वाटोळं होतं आणि नंतर कुणालाही काही करता येत नाही. फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. आणि घड्या जबरदस्तीनं उलगडू नका.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या लग्नाची १९११ सालची छापील पत्रिका सापडली. लग्न वैशाखात, अलिबागजवळच्या गावी. तीत ‘गोरज मुहूर्त सायंकाळी ६ वाजून २१ मिनिटे (मुं. टा.)’ असं आहे. हे कंसात काय? आणि वैशाखात सहा एकवीसला गोरज कसा? आमच्याकडे तेव्हा लख्ख ऊन असतं.
— वाचक, पनवेल

तुमची शंका बरोबर आहे आणि पत्रिकाही बरोबर आहे. मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम. त्यात एकोणचाळीस मिनिटं मिळवा, आजच्या घड्याळात बरोबर सात होतात. वैशाखात कोकण किनाऱ्यावर सूर्य मावळतो तो याच सुमाराला, म्हणजे गोरज अगदी चोख.

पूर्वी ज्या गावी सूर्य डोक्यावर येईल तेव्हा त्या गावचे बारा. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटं, मद्रासची पाच तास एकवीस मिनिटं. आगगाड्या सुरू झाल्यावर पंचाईत झाली, कारण गाडीला एकच वेळापत्रक लागतं. रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. म्हणजे स्टेशनावरचं घड्याळ शहरातल्या घड्याळाच्या अर्धा तास पुढे. ज्यानं हा हिशेब मनात ठेवला नाही त्याची गाडी गेली! १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतल्या सरकारी कामकाजालाही मद्रास टाइम लावून पाहिला. लोकांनी तो मानला नाही आणि दोनेक वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच स्टँडर्ड टाइम आला, अलाहाबादजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेखावृत्तावरचा. मुंबईची घड्याळं एकोणचाळीस मिनिटं पुढे करा, असा हुकूम. साल बघा. बंगालची फाळणी होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते आणि सरकारनं काहीही सांगितलं तरी लोकांच्या कपाळाला आठी पडत होती. गिरणी कामगारांना तर हे सरळ झोपेवरचं आक्रमण वाटलं, कारण भोंगा तेवढा लवकर होणार. त्यांनी काम बंद पाडलं. त्याच वर्षी मुंबई महापालिकेनं आपली घड्याळं पुन्हा मुंबई टाइमवर नेली आणि हा दुहेरी संसार स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकापर्यंत चालला. तार, रेल्वे, पोस्ट एका वेळेवर आणि घर, देऊळ, लग्नकार्य दुसऱ्या. म्हणून पत्रिकेत कंस घालावा लागे.

आता मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. लग्न लावणारा भटजी त्या सहा एकवीसकडे बघतच नसे. त्याच्यापुढे घटिपात्र असे. पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ, त्यावर तरंगणारी पातळ पत्र्याची वाटी, वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी आत झिरपत झिरपत वाटी बुडते ती चोवीस मिनिटांनी, ती एक घटका. अशा साठ घटकांचा दिवस, मोजायचा सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून. वाटी किती वेळा बुडाली ते मोजायला एक माणूस नुसता तिथे बसवलेला असे. वाटी पाण्यात सोडायचीही पूजा होई आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून पोरांना हाकलत. या वाटीला ना मुंबई टाइम माहीत, ना मद्रास. मग पत्रिकेत घड्याळाची वेळ कशाला? तर धरमतरच्या बोटीनं येणाऱ्या मुंबईकर पाहुण्यांसाठी. त्यांच्या खिशात घड्याळ आलं होतं आणि त्यांना ‘सूर्यास्ती’ एवढं सांगून भागत नव्हतं.

ज्यांच्याकडे महायुद्धाच्या वेळचे कागद आहेत त्यांनी आणखी एक सांभाळावं. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात सरकारनं स्टँडर्ड टाइमही एक तास पुढे ढकलला होता. त्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करावा लागतो, आणि ती वेळ कुठल्या घड्याळाची होती हे आधी ठरवावं लागतं. जन्मपत्रिकेत घटी-पळं दिली असतील तर हा घोळ उरत नाही. (पत्रिका जुळते का, हे मात्र मला विचारू नका. चार जणांनी विचारलंय.)

प्रश्न : आमचे आजोबा, त्यांचे दोन्ही भाऊ आणि माझे सासरे, सगळ्यांची जन्मतारीख १ जून कशी?
— वाचक, लातूर

शाळा जूनमध्ये सुरू होई म्हणून. पोराला घेऊन बाप शाळेत गेला की मास्तर विचारणार जन्म कधीचा. बाप सांगणार, ‘पटकी आली त्याच्या आदल्या साली, ज्वारी काढणीला.’ मास्तरांनी वयाचा अंदाज बांधायचा, मूल प्रवेशाच्या वयात बसेल असं साल धरायचं आणि पुढे १ जून टाकायचं. झालं. खरी तारीख हवी असेल तर घरात टिपण शोधा. तिथी आणि शक लिहिलेला असेल तर शकात ७८ मिळवा. मात्र पौष, माघ, फाल्गुनातला जन्म असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतील, कारण इंग्रजी साल मध्येच बदलतं आणि शक चैत्रात.

प्रश्न : आमच्या खापरपणजोबांना चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागलं, असं घरात सांगतात. त्यांच्या वहीत ‘प्रायश्चित्त दक्षिणा’ अशी नोंद खरोखरच आहे. चहा इतका निषिद्ध होता का? मग लगेच तीस वर्षांत घरोघर कसा आला?
— वाचक, पुणे

खापरपणजोबांचं प्रकरण त्यांच्या वहीतूनच कळेल, पण पुण्यात अशा नोंदी निघाल्या की पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनची आठवण होणारच. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे पुण्यातल्या मातबर मंडळींना बोलावणं गेलं. टिळक होते, रानडे होते, तरुण गोखले होते. भाषणं झाली आणि शेवटी चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी कप नुसता पुढ्यात ठेवला. हे घडवून आणलं गोपाळराव जोशी यांनी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. माणूस हुशार आणि तितकाच खोडकर. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. मग जे काही रण माजलं! सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली, पंक्तीतून उठवण्याच्या गोष्टी झाल्या, मुंजी-लग्नांना भटजी मिळेनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांना स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती, पण त्यांच्यामुळे स्नेह्यांच्या घरची कार्यं अडली होती, म्हणून १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. या निर्णयाचा रमाबाईंना किती त्रास झाला ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

यातला नीट बघायचा मुद्दा असा, की चहाच्या पत्तीला कुणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो ओतणाऱ्या हाताला, पाण्याला आणि बिस्किटाला. पत्ती वाळलेली, तिला विटाळ नाही. पाणी कुणाचं, दूध कुणी तापवलं, हे प्रश्न. तोच चहा घरात, सोवळ्यातल्या बाईनं केला तर कुणी काय बोलणार? म्हणून तीस वर्षांत घरोघर आला यात नवल काहीच नाही. तो दारातून आत आला आणि मग त्याला घरच्या शिस्तीत बसवून घेतलं.

ती शिस्त कशी, ते भांड्यांत दिसतं. तांब्या-पितळेचं भांडं राखेनं घासलं की शुद्ध. मातीचं भांडं उष्टं झालं की फेकायचं. आता चिनी मातीचा कप आला, तो कशात धरायचा? दिसायला गुळगुळीत, पण नाव मातीचं. शिवाय आत हाडांची भुकटी असते अशी कुजबुज. पुष्कळ घरांनी सोपा मार्ग काढला, चहा पितळीत किंवा फुलपात्रात. माझ्या सासूबाईंच्या माहेरी कपबश्या होत्या, पण त्या स्वयंपाकघरात येत नसत. ओसरीवरच्या फडताळात राहत, तिथेच विसळल्या जात, आणि आलेल्या पाहुण्याला त्यातून चहा मिळे. घरातले आजोबा मात्र शेवटपर्यंत वाटी धोतराच्या सोग्यात धरून फुंकर मारत प्यायचे. तेव्हा वहीत ‘कपबशी’ची खरेदी कोणत्या साली आली ते बघा. ती नोंद प्रायश्चित्ताच्या नोंदीपेक्षा जास्त सांगेल.

एक गोष्ट या गमतीजमतीत झाकली जाते, ती लिहिते. चहाची दुकानं झाली तेव्हा पाट्या लागल्या ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’. आणि गावोगावच्या टपऱ्यांवर अस्पृश्य गिऱ्हाइकासाठी कप वेगळा, बाहेर वळचणीला खोचलेला, कान तुटका, नाहीतर नारळाची करवंटी. प्यायल्यावर ज्याचा त्यानं धुऊन परत खोचायचा. पैसे मात्र तेवढेच. पंचहौदच्या मंडळींना प्रायश्चित्त घेऊन आत येता आलं. या माणसांसाठी कुठलंच प्रायश्चित्त नव्हतं.

प्रश्न : मुलाला शाळेत भाषण आहे, ‘आगगाडीने जातिभेद मोडला’. चार मुद्दे द्याल का?
— वाचक, कऱ्हाड

चार देत नाही, एकच देते, आणि तो तुमच्या शेजारच्या स्टेशनावरचा आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली. पुढे घाट फोडून ती पुण्याला, मिरजेला गेली, आणि तिकिटाच्या पैशात जात विचारली जात नव्हती हे खरं आहे. एका बाकावर कोण कुठे बसेल याला धरबंद राहिला नाही. सोवळं पाळणाऱ्यांनी त्यावर तोडगा काढलाच. प्रवासात अन्न शिजवायचं नाही, दशम्या नि गूळपोहे न्यायचे, घरी आलं की नेसूच्या वस्त्रानिशी विहिरीवर. स्टेशनावर पाणीसुद्धा दोन प्रकारचं, हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी, दोन माणसं, दोन भांडी. आणि ज्यांना या दोन्हींतलं पाणी कुणी देत नसे, ते तहानलेले.

आता मसूरचं स्टेशन. साधारण १९०१ ची उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून काही मुलं गाडीनं मसूरला उतरली. नवे कपडे, डोक्यावर चकचकीत टोप्या. त्यांत भीमराव आंबेडकर, वय नऊच्या आसपास, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुलं. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. मुलं येणार असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी आस्थेनं विचारपूस करत होते. जात कळली तसा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण विटाळ नको म्हणून एकही गाडीवाला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. जवळ डबा होता, पण पाण्यावाचून तो खाता आला नाही. रात्रभर त्यांना कुणी पाणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि आपल्यावर त्याचा ठसा कायमचा उमटला असं म्हटलं आहे.

मुलाला सांगा, रुळावर होतं तोवर ठीक होतं. फलाटाबाहेर पाऊल टाकलं की गाव सुरू. भाषणाचा विषय बदलता येत नसेल तर शेवटी प्रश्नचिन्ह लावायला हरकत नाही. बाई ओरडल्या तर माझं नाव सांगा.

प्रश्न : आजोबांच्या रोजमेळात रकमा अशा आहेत : ३॥=, १।-, ११॥।. यातल्या उभ्या-आडव्या रेघा म्हणजे काय? वाक्य संपल्याचे दंड आहेत की चुकून ओढलेल्या?
— वाचक, सोलापूर

चुकून काही नाही, इतका पक्का हिशेब आजकाल दिसत नाही. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ एक आणा, दोन आडव्या दोन आणे, तीन म्हणजे तीन. चार आडव्या कधी येणार नाहीत, कारण चार आणे झाले की उभी रेघ पडते. म्हणजे तुमची पहिली रक्कम साडेतीन रुपये दोन आणे, तीन रुपये दहा आणे. दुसरी सव्वा रुपया एक आणा. तिसरी पावणेबारा रुपये. मोठ्यानं वाचा, रेघा आपोआप बोलतात. त्यापुढे आकडा असेल तर तो पै.

सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. एका रुपयात १९२ पै. हे तोंडी करायचं म्हणून पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा. सात औटे साडेचोवीस, हे माझे वडील झोपेत सांगत. ‘कशाला एवढा त्रास’ असं आपल्याला वाटतं, पण बाजारात पाच पायली ज्वारी साडेतीन आण्यांच्या भावानं घेणाऱ्याला कागद-पेन्सिल लागत नसे. सोळाचे अर्धे, पाव, अर्धपाव नीट पडतात. शंभराचे पाव पडतात आणि त्यापुढे अडतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आण्याला सहा नवे पैसे असा हिशेब झाला. सोळा सक शहाण्णव. रुपयातले चार पैसे कुठे गेले, म्हणून बाजारात भांडणं झाली.

तुमच्या वहीत १९४३ नंतर ‘भोकाचा पैसा’ असा शब्द येतो, तो खराच भोकाचा. युद्धात धातू वाचवायला सरकारनं मधोमध मोठं भोक असलेला पैसा काढला. मुलं तो दोऱ्यात ओवून कमरेला बांधत.

प्रश्न : काही म्हणा, पण त्या काळी स्वस्ताई होती! पैशाला पोस्टकार्ड मिळायचं. खरं ना?
— वाचक, नाशिक

पोस्टकार्ड पैशालाच मिळायचं. १८७९ मध्ये निघालं, तेव्हा किंमत पाव आणा. आता मिठाचं ऐका. १८८८ ते १९०३ या काळात मिठावर सरकारी कर होता मणामागे अडीच रुपये. मणाचे चाळीस शेर आणि अडीच रुपयांचे चाळीस आणे. म्हणजे शेराला एक आणा निव्वळ कर. मीठ, वाहतूक, दुकानदाराचा नफा त्याच्यावर वेगळा. एका शेर मिठाच्या करात चार पोस्टकार्डं आली असती. कार्ड न लिहिता माणूस जगतो, मिठावाचून कसा जगेल? जनावरांनाही मीठ लागतं. आणि कोकणात समुद्र दारात असून खाजणातलं मीठ खरवडून घरी नेलं तर गुन्हा. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर माणसं लाठ्या खायला का गेली, ते या हिशेबातून कळतं. स्वस्ताई कुणासाठी, एवढं विचारावं. ज्याच्या वहीत दरमहा पगाराची जमा आहे त्याच्यासाठी होती. त्याच्याच वहीत ‘गडी, धान्यावर’ अशीही एक ओळ असते, त्या गड्याला विचारलं पाहिजे.

प्रश्न : आजीच्या दोन्ही दंडांवर दोन-दोन गोल व्रण होते. ती म्हणायची, ‘देवी काढल्या.’ पण तिच्या मोठ्या बहिणीला मात्र त्यांच्या आजीनं कणगीत लपवलं होतं. एवढं भ्यायला काय झालं?
— वाचिका, वाई

देवीची लस हिंदुस्थानात सगळ्यात आधी मुंबईतच टोचली गेली, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदाद-बसऱ्याकडून आली होती. ती टिकवण्याचं साधन एकच, मुलांचे हात. एका मुलाला टोचायची, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातला द्रव काढून दुसऱ्या मुलाला. पुढची कितीतरी वर्षं हीच पद्धत होती. त्यामुळे टोचणारा गावात आला की बरोबर एक फोड आलेलं पोर घेऊन येई. ते पोर कुणाचं, कुठल्या जातीचं, त्याचं पू आमच्या बाळाच्या अंगात जाणार का? भीती आधी इथली. शिवाय ज्या पोराच्या हातातून काढायचं त्याच्या आईला वाटे, माझ्या लेकराचं बळ काढून नेतात. पुढे वासरापासून काढलेली लस आली, तर त्यावरही कुरकुर, गाईच्या लेकराला छळून काढलेली म्हणून.

आणि मुळात देवी म्हणजे घरात आलेली पाहुणी. ती अंगात असेतो फोडणी द्यायची नाही, तळण नाही, दाराला कडुलिंब, रोग्याला वाऱ्यानं सुद्धा दुखवायचं नाही. जिला इतक्या आदरानं वागवायचं तिला सरकारी माणूस सुरीनं टोचून बोलावतो, ही कल्पनाच त्या आजीला सहन झाली नसणार. पण दोन बहिणींमध्ये घरानं मत बदललं, हे तुमच्या पत्रातलं मला फार आवडलं. मधल्या वर्षांत काय झालं? कुणाचं मूल दगावलं का? घरात कुणाला माहीत असेल तर कळवा.

प्रश्न : जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात एका कार्डाचा कोपरा फाडलेला आहे. मजकूर मोडीत आहे, फोटो पाठवते. तारीख १९२३ च्या जुलैची. उंदरानं कुरतडलं असावं का?
— वाचिका, देवगड

उंदीर इतकं सरळ फाडत नाही. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा पाठवणाराच फाडे. मंगल पत्राला हळद-कुंकू लावत तसंच हे. पोस्टमन लांबून येताना हातातलं कार्ड बघूनच बायका ओळखत. असं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, अंगणात वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची, ही रीत. म्हणून अशी कार्डं सापडत नाहीत. तुमच्याकडचं राहिलं, त्या अर्थी कुणीतरी ते जाणूनबुजून ठेवलेलं आहे.

मजकूर वाचला. मुंबईत गिरणगावातल्या खोलीत तुमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ ‘ज्वराने, आषाढ शुद्ध दशमीस, पहाटे’ वारले. लिहिणारा शेजारी आहे. पुढे दोन ओळी आहेत, त्या बघा : ‘चालू महिन्याची मनिऑर्डर त्यांनी आदले दिवशीच केली आहे. ती पोहोचेल. घ्यावी.’ कोकणात मुंबईचा पैसा मनिऑर्डरनं येत होता आणि पावसाळ्यात बोटी बंद असल्या की टपाल घाटावरून फिरून येई. त्यामुळे गेलेल्या माणसाची बातमी आधी येई की त्याचे पैसे आधी, याचा नेम नसे.

कार्डावर दोन शिक्के आहेत. मुंबईचा स्पष्ट आहे, पोचल्याचा अर्धवट उठलाय. पण माझ्या वाचनाप्रमाणे दोन्हींत सहा दिवसांचं अंतर आहे. दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर उरलेलेच दिवस सुतक पाळायचं, म्हणजे तुमच्या घरात ते चारेक दिवस पाळलं गेलं असणार. ताडून पाहायचं असेल तर त्या महिन्याचा रोजमेळ काढा. कार्ड आलं त्याच्या आसपास न्हाव्याला दिलेले पैसे आणि त्यानंतर मनिऑर्डरची जमा अशा दोन नोंदी मिळायला हव्यात. कुठली आधी आहे ते मला कळवा, आणि त्या पानाचा फोटो पाठवा, फ्लॅश न लावता.